घटस्थापना ते भाऊबीज: सोलापूरच्या उन्हात एकच सजावट महिनाभर टिकवता येते का?

ऊनसावली
नमस्कार मंडळी. अश्विन शुद्ध प्रतिपदा ते कार्तिक शुद्ध द्वितीया म्हणजे सरळ महिनाभर. त्यात घट, खंडेनवमी, दसरा, कोजागिरी आणि दिवाळीचे पाच दिवस. दर वेळी दार नव्याने सजवायचे म्हटले तर खर्च आणि वेळ दोन्ही जातात. प्लास्टिकची फुले नको आहेत.

प्रश्न असा की एकदाच मांडून महिनाभर शोभेल अशी सजावट जमते का? फ्लॅट जुळे सोलापुरात, दुसरा मजला. मुख्य दार पश्चिमेला, साडेतीन फूट रुंद. दुपारी तीननंतर ऊन थेट चौकटीवर येते. परतीचा पाऊस आला तर पॅसेज ओला होतो. बाहेरच्या खोलीत एक मोकळी भिंत आहे, सात फूट रुंद. भिंतीला दोन-चार भोके पाडायला हरकत नाही.

कंदीलकाडी
एकच सजावट महिनाभर? नाही टिकणार. फूल पहिल्या दिवशीचे फूल, तिसऱ्या दिवशीचे निर्माल्य. सण वेगळा तशी सजावट वेगळी, हेच बरे.

हातमाग
कंदीलकाडी यांचे फुलांबद्दल बरोबर आहे, पण सजावट म्हणजे फक्त फुले नव्हेत. सांगाडा कायमचा ठेवा आणि फुले बदला.

दारासाठी ४२ इंचांची ॲल्युमिनियमची किंवा सागवानी पट्टी चौकटीच्या वर बसवा. दोन स्क्रू, दोन गिट्ट्या, एवढ्यात काम होते. पट्टीच्या खालच्या कडेला दर ६ इंचांवर एक असे ८ छोटे हूक लावा. मग दरवेळी खिळा शोधणे नाही, चिकटपट्टी लावून रंगाचे पापुद्रे काढणे नाही. फुलांची माळ हुकात अडकवायची, सुकली की काढायची. भाड्याचे घर असेल तर चौकटीच्या आत बसणारी दाबाची पडदादांडी घ्या, पण माळा ओल्या आणि जड असतील तर ती घसरते. टोकांना रबरी टोप्या नीट आहेत का ते बघून घ्या.

पट्टीवर कायमचे तोरण कापडाचे. खणाचे किंवा जुन्या इरकलीच्या काठपदराचे ७ इंचांचे चौकोन कापा, शिवणीत चारी बाजूंनी अर्धा इंच गेला की ६ इंच उरतात. ६ इंचांच्या चौकोनाचा कर्ण साडेआठ इंच, म्हणजे चौकोन कोपऱ्यावर उभा धरला की पाच तुकड्यांत ४२ इंचांचे दार भरते. वरचा अर्धा भाग पट्टीच्या मागे दुमडून टाका, पुढे त्रिकोण दिसतात. मागे सुती अस्तर हवेच. प्रत्येक टोकाला एक घुंगरू किंवा जड मणी ओवा. वजन नसेल तर संध्याकाळच्या वाऱ्याने टोके उलटी फिरतात आणि अस्तर दिसते.

पिवळाझेंडू
हातमाग, पट्टीची कल्पना पक्की. आता फुलांचा हिशोब घ्या, कारण दरवर्षी लोक दुप्पट घेतात नाहीतर निम्मी.

मोठ्या झेंडूची किलोत साधारण शंभर-सव्वाशे फुले बसतात. देठाकडून सुई घालून एकावर एक ओवले तर फुटाला १२ ते १५ फुले लागतात. साडेतीन फुटांच्या दाराला मधला झोल धरून साडेचार फूट माळ हवी, म्हणजे साठ-सत्तर फुले. खराब निघतील ती धरून पाऊण किलो पुरे. मधे आंब्याची पाने घातली तर अर्धा किलोच.

दसऱ्याची फुले खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळीच आणा, दसऱ्याच्या सकाळी भाव विचारायची सोय नसते. घरी आणल्यावर तीन चुका टाळा. प्लास्टिक पिशवीत ठेवू नका, आत वाफ धरते आणि पाकळ्या तळातून काळ्या पडतात. वरून पाणी मारू नका. आणि ढीग करू नका. वर्तमानपत्रावर एकेरी पसरा, वर कोरडे सुती कापड टाका, फरशीवर अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. पावसात तोडलेली फुले हाताला जड लागतात, ती आधी तासभर पंख्याखाली पसरा. पाकळ्यांच्या मुळाशी अडकलेले पाणी गेले नाही तर माळ दुसऱ्या दिवशी वास मारते.

ओवायला शिवणाचा दोरा चालत नाही, देठ कापतो आणि तुटतो. जाड सुती दोरा दुहेरी करा.

पश्चिमेचे ऊन असेल तर माळ दुसऱ्या संध्याकाळी मान टाकते. सावलीत तिसरा दिवस निघतो. त्यापुढे आशा धरू नका.

पेठेतलीसून
आंब्याच्या पानांबद्दल थोडे. कोवळी तांबूस पाने घेऊ नयेत, दुपारपर्यंत सुरकुततात. गडद हिरवी, जून पाने घ्या. धुऊन पूर्ण कोरडी करा, मग कापसावर खोबरेल तेलाचा एकच थेंब घेऊन वरून फिरवा. धूळ बसत नाही आणि चकाकी येते. जास्त तेल झाले तर उलट धूळच चिकटते.

स्टेपलर मारण्यापेक्षा देठ दोरीवर दुमडून पानातूनच नारळाचा हीर आरपार घाला. पान सुकून आकसले तरी गळत नाही.

तरवड
धागा दाराशीच थांबलाय म्हणून लिहितो. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू घरांत, सजावट घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, सर्वपित्री अमावास्येलाच सुरू होते. बतुकम्मा, म्हणजे फुलांचे थर रचून मांडायचा सण! अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत. आणि तिची रचना समजून घेतली तर घरातल्या कुठल्याही पुष्परचनेला उपयोगी पडते.

लागतात तरवडाची पिवळी फुले (तेलुगूत तंगेडू), कुरडूचे तुरे (गुनुगू), झेंडू, भोपळ्याचे फूल. पितळी ताटात भोपळ्याची पाने पसरायची. कुरडूचे सात-आठ तुरे एकत्र धरून दोऱ्याने आवळायचे, देठ सारख्या लांबीचे कापायचे, शेंडे हवे तर रंगात बुडवायचे. देठ आत, फूल बाहेर असा गोल लावायचा. वर तरवडाचा थर, वर झेंडूचा, पुन्हा कुरडू. प्रत्येक गोल आधीच्यापेक्षा बोटभर आत. शेंड्यावर भोपळ्याचे फूल आणि हळदीची गौरम्मा (गौर).

चूक होते ती आतल्या पोकळीत. बाहेरचे गोल लावत गेले आणि आत काही भरले नाही की फूटभर उंचीला रचना एका बाजूला कलते. कापून उरलेले देठ आणि पाने बारीक चिरून प्रत्येक थराबरोबर आत दाबून भरत जायचे. तेच तिचे हाड.

तरवड पाकळ्या लवकर टाकतो, म्हणून तो शेवटी तोडायचा आणि ओल्या फडक्यात आणायचा. कुरडू मात्र आठवडाभर आधी आणला तरी चालतो.

ऊनसावली
तरवडदादा, कुरडू सुकल्यावरही राहतो का? म्हणजे महिनाभर?

तरवड
राहतो की! गुलाबी असतानाच तोडायचा, पूर्ण पांढरा झाला की तुरा झडायला लागतो. दहा-बारा काड्यांची जुडी बांधून उलटी टांगायची, सावलीत, वारा लागेल अशी. ऑक्टोबरच्या आपल्या कोरड्या हवेत आठ दिवसांत खडखडीत. खाली कागद पसरा, काळे बारीक बी पडते. ते बी कुंडीत किंवा अंगणात जाऊ देऊ नका, पुढच्या पावसाळ्यात सगळीकडे कुरडूच दिसेल.

झुळूक
सुक्या सजावटीचा विषय निघालाच आहे तर ज्वारीची कणसे का नाही? सोलापूर म्हणजे ज्वारी. दाराच्या दोन्ही बाजूंना कणसांच्या जुड्या काय सुंदर दिसतील.

कडबा
दिसतील, पण दसऱ्याला ताजी मिळणार नाहीत. आपली ज्वारी रब्बीची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती पेरली जाते, कणीस हाताला येते फेब्रुवारी-मार्चला. ज्वारीच हवी असेल तर उन्हाळ्यातच जुडी बाजूला काढून ठेवावी लागते. दसऱ्याला शेतातून येते ती बाजरी, ती खरिपाची. म्हणून बाजरीची कणसे घ्या, वेळेला तीच खरी.

प्रत्येक बाजूला १५-१६ कणसे पुरतात. देठ फूटभर ठेवून कापा. जुडी बांधताना सुतळीपेक्षा रबरबँड आधी लावा, कारण देठ सुकून बारीक होतात आणि सुतळी सैल पडून अर्धी कणसे खाली येतात. पूर्ण सुकल्यावर रबरावरून सुतळी किंवा खणाची पट्टी गुंडाळा.

मुख्य शत्रू कीड. कणसे सुकली की हवाबंद पिशवीत घालून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी-अळी मरते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दाण्यांवर पाणी धरते आणि बुरशी येते. घरात लहान मूल असेल तर औषध फवारायच्या भानगडीत पडूच नका.

चिऊ
आणि चिमण्या आल्या तर येऊ द्या. बाजरी त्यांचीही आहे. :)

कडबा
येऊ द्याच. एक जुडी गॅलरीत त्यांच्यासाठी लावली की दारातली वाचते.

काळीमाती
घटाबद्दल कुणी लिहिले नाही अजून. देवघरातली ती सजावट स्वतः वाढते, आणि तीच सगळ्यात जास्त बिघडते.

दहा इंचांच्या परडीत पत्रावळ, त्यावर चाळलेली काळी माती दोन इंच. काळ्या मातीत पाणी धरून ठेवायची ताकद फार, त्यामुळे धान्य उगवण्याऐवजी कुजते. एक चतुर्थांश बारीक वाळू मिसळा. गहू, ज्वारी, मूग, हरभरा, जवस, करडई, मका हे घरोघरी थोडे वेगळे असते, पण भिजवण्याचा नियम एकच: आठ तासांपेक्षा जास्त नाही. हरभरा आणि मका खालच्या थरात, त्यावर बोटभर माती, मग गहू-ज्वारी, सगळ्यात वर जवस. जवस पाण्यात बुळबुळीत होतो, तो भिजवूच नका. हरभरा वर राहिला तर तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी धरतो आणि शेजारच्या गव्हालाही घेऊन जातो.

आता खरी गोष्ट पाण्याची. मधला घट मातीचा आणि बिनरंगाचा असेल तर तो स्वतःच पाझरतो. नवा घट जास्त पाझरतो. अशा वेळी पहिले तीन दिवस वरून पाणी जवळपास लागतच नाही, फक्त कडेची माती बोटाने बघायची. तांब्याचा कलश किंवा रंग दिलेला घट असेल तर पाझर नाही, मग सकाळ-संध्याकाळ हाताने शिंपडायचे. लोक घट बदलतात पण पाण्याची सवय बदलत नाहीत, तिथे धान्य कुजते.

रोपे पिवळी हवीत की हिरवी, ते उजेडावर. अंधाऱ्या देवघरात पिवळी सोनेरी आणि उंच होतात, खिडकीजवळ हिरवी आणि बुटकी. खाली परात ठेवा, लाकडी पाटावर थेट परडी ठेवली तर काळा डाग कायमचा.

पेठेतलीसून
काळीमाती, फार नेमके लिहिलेत. माळांचे एक सांगते: घटावर सोडायच्या माळेला कारळ्याची पिवळी फुले मिळाली तर बघा. हलकी असतात, नऊ माळा एकावर एक आल्या तरी वरच्या फळीवर भार येत नाही. झेंडूच्या नऊ माळांनी हूक वाकतो.

हातमाग
खंडेनवमीला ज्यांच्याकडे माग आहेत त्यांच्यासाठी: झेंडूची माळ मागाच्या चौकटीवर बांधा. फणीवर आणि ताण्यावर (मागावरच्या उभ्या सुतावर) फूल ठेवू नका. झेंडूच्या पाकळीचा पिवळा रंग ओल्या सुताला धरतो, आणि कुंकवाचा डाग तर विणून पूर्ण झालेल्या चादरीतच दिसतो. ताण्यावर आधी कागद अंथरा, धोटे वेगळ्या ताटात मांडून पूजा करा. वीज मेन स्विचवरून बंद, माळ उतरवेपर्यंत.

आणि ऊनसावलींच्या सात फुटी भिंतीचे राहिले. आपल्या गावात राहून ती भिंत रिकामी का? भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू घरात आहे, सोलापुरी चादर! ६० बाय ९० इंचांची एकेरी जॅकार्ड चादर घ्या. खिळे नाहीत, चिमटे नाहीत. साडेपाच फुटांची दांडी भिंतीपासून दोन इंच पुढे बसवा आणि चादर दांडीवर मधोमध दुमडून टाका. ६० इंच रुंद, ४५ इंच उंच असा पडदा मिळतो. चिमट्याने टांगली तर चादर स्वतःच्या वजनाने चिमट्यांच्या मधे झोल घेते आणि नक्षी वाकडी दिसते.

चादरीच्या दोन्ही बाजूंना नक्षी असते, रंग फक्त उलटे. नवरात्रात एक बाजू बाहेर, दिवाळीला दुसरी. तीच चादर, भिंत नवी. नवी चादर आधी एकदा थंड पाण्यात वेगळी धुऊन सावलीत वाळवा. सुती असल्यामुळे थोडी आटते, म्हणून दांडीचे माप धुतल्यानंतर घ्या.

कंदीलकाडी
हे मान्य. चादर उलटवायची कल्पना लई भारी. सांगाड्याच्या बाजूने मत बदलले.

आता कंदिलाचे माझ्याकडून. पारंपरिक कंदिलाला ६ चौकोन लागतात. ९ इंचांच्या २४ कामट्या (बांबूच्या पट्ट्या), म्हणजे १८ फूट. कापाकापीत वाया जाते ते धरून २० फूट घ्या. चौकोन बांधून झाले की कोपऱ्याला कोपरा जोडायचा, एकूण १२ गाठी. मधे आपोआप ८ त्रिकोण तयार होतात. उंची पावणेतेरा इंचांच्या आसपास येते. कामट्या बांधण्याआधी तासभर पाण्यात ठेवल्या तर गाठीपाशी चिरत नाहीत, पण कागद चिकटवण्याआधी सांगाडा पूर्ण वाळू द्या. ओल्या सांगाड्यावर कागद ताणून बसवला की बांबू सुकताना कागद सैल पडतो.

चिकटवायला खळ: एक वाटी गार पाण्यात दोन चमचे मैदा गुठळ्या मोडून कालवा, मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. गरम पाण्यात मैदा टाकला की गुठळ्या झाल्याच. किडीसाठी चिमूटभर मोरचूद घालतात, तो विषारी आहे. स्वयंपाकाचे भांडे वापरू नका आणि मुलांना त्या खळीत हात घालू देऊ नका.

वरचा चौकोन उघडा ठेवा. आत ५ वॅटचा एलईडी. जुना ६० वॅटचा पिवळा दिवा कागद तापवतो, आणि कंदील वाऱ्याने हलून कागद दिव्याला टेकला तर पेट घेऊ शकतो.

ऊनसावली
पॅसेजमध्ये पाऊस येतो तिथे दिव्यांची माळ चालेल का?

कंदीलकाडी
बाहेरची म्हणून विकतात तीच माळ घ्या, खोक्यावर आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाची खूण) लिहिलेले असते. वायर बोर्डाकडे नेताना आधी बोर्डाच्या खाली वीतभर सोडून मग वर वळवा. वायरवरून ओघळणारे पाणी त्या झोलातून खाली टपकते, प्लगमध्ये जात नाही. जोड असेल तर तो घराच्या आत आणा. बाहेरच्या जोडावर नुसती काळी टेप पुरत नाही, उन्हाने तिचा डिंक सुटतो.

शाबादी
रांगोळीबद्दल थोडक्यात. शहाबादी फरशी खडबडीत, तिच्यावर रांगोळी बसते. फ्लॅटच्या गुळगुळीत टाइल्सवर पंखा लावला की उडते. टाइलवर आधी गेरूचा पातळ हात द्या, एक वाटी पाण्याला चार चमचे गेरू, वाळला की त्यावर काढा. दिवाळीनंतर ओल्या फडक्याने निघतो. सांध्यांमधल्या पांढऱ्या सिमेंटवर मात्र जाऊ देऊ नका, तिथला लाल रंग निघत नाही.

फुलांची रांगोळी तीन फूट व्यासाची असेल तर झेंडू किलो-सव्वा किलो लागतो. पाकळ्या आदल्या रात्री सोडवून ठेवू नका, सकाळी कडा तपकिरी होतात.

पणत्या नव्या असतील तर सहा-आठ तास पाण्यात बुडवून मग वाळवा, नाहीतर अर्धे तेल मातीच पिते. शहाबादीवर पणतीखाली पान किंवा झाकण ठेवा. डाग पडलाच तर लगेच कोरडी रांगोळी जाड थराने टाकून रात्रभर ठेवा, पुष्कळ तेल ओढून घेते. घासलात तर डाग पसरतो.

जुनाआपटा
दसऱ्याचे एक कळकळीने सांगतो. सजावटीसाठी आपट्याच्या फांद्या म्हणून बाजारात पुष्कळदा कांचनाच्या फांद्या येतात. आपट्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदी जास्त आणि पाठीमागून करडे. कांचनाचे पान मोठे, पातळ आणि मऊ. दोन्हींची पाने दुभंगलेली असतात, तिथे फसगत होते. फांदी कुठलीही असली तरी झाडाचे नुकसान तेच. देवाला आणि मोठ्यांना द्यायला पाच-सात पाने पुरतात. दारावर पसाभर पाने लावून सोने वाढत नाही. दाराला आंब्याचा डहाळा पुरे.

झुळूक
जुनाआपटा +१. मंडईत ढीगच्या ढीग बघून जीव तुटतो.

चांदणवेल
कोजागिरी सगळे विसरलात! त्या रात्री हजारो लोक सोलापूरहून तुळजापूरला चालत जातात, आणि जे घरी असतात ते गच्चीवर. गच्चीसाठी रंगीत माळा बंद ठेवा. पांढरी शेवंती आणि निशिगंध, एवढेच. चांदण्यात झेंडू काळपट दिसतो, पांढरे फूल उजळते.

निशिगंधाचे देठ पाण्याखाली धरून इंचभर तिरके कापा, पाणी रोज बदला. खालच्या कळ्या आधी उमलतात. त्या सुकल्या की खुडत जा, वरच्या उमलतील. पाच-सहा दिवस सहज टिकतो, म्हणजे कोजागिरीचा गुच्छ पुढे आठवडाभर घरात राहतो. प्राजक्ताचा मोह होतो, पण तो पहाटे गळतो. संध्याकाळच्या मांडणीला नाही, सकाळच्या देवपूजेच्या ताटाला.

ऊनसावली
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते. असे ठरवले आहे: दाराला आठ हुकांची पट्टी आणि खणाचे तोरण, ते महिनाभर. दोन्ही बाजूंना बाजरी आणि कुरडू. भिंतीवर चादर, कोजागिरीनंतर उलटवायची. ताजी फुले फक्त घटस्थापना, दसरा, लक्ष्मीपूजन आणि पाडवा, प्रत्येक वेळी अर्धा किलो आणि आंब्याची पाने. बरोबर?

कडबा
एक दुरुस्ती. बाजरी आणि कुरडू घटस्थापनेपर्यंत सुकलेले हवे असतील तर आठ-दहा दिवस सुकवायला आणि चार दिवस फ्रीजर, म्हणजे पंधरा दिवस आधी, पितृपक्ष लागतानाच आणावे लागतील. तेव्हा बाजरी सगळीकडे काढणीला आलेली नसते. घटस्थापनेला नुसते तोरण लावा, जुड्या दसऱ्याला चढवा.

हातमाग
आणि दसरा-दिवाळीच्या मधे घराची झाडलोट होतेच. त्या दिवशी खणाचे तोरण काढून झटका आणि उन्हात न ठेवता गॅलरीच्या सावलीत तासभर टांगा. कणसांच्या जुड्या ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्या मऊ ब्रशने खालून वर झाडा.

पिवळाझेंडू
लक्ष्मीपूजनाला अर्ध्याऐवजी पाऊण किलो घ्या. दाराबरोबर पूजेच्या चौरंगालाही लागतो. उतरवलेल्या माळांचा दोरा काढून पाकळ्या सावलीत वाळवून ठेवा. तुरटीच्या पाण्यात भिजवलेल्या सुती कापडाला त्यांचा उकळून काढलेला पिवळा रंग छान बसतो, पुढच्या वर्षीच्या तोरणाचे अस्तर त्यातच रंगवा.